तात्याबानं काठी सोडली तो दिवस

मंडळी, चालत्या सायकलवर बसल्या बसल्या, डोळे सताड उघडे ठेवून माणूस झोपतो, हे मी या डोळ्यांनी पाहिलेलं आहे! उभी हयात तमाशाच्या बोर्डावर काढली. झोपेची सोंगं पाहिली, मरणाची पाहिली, दारूच्या थेंबालाही न शिवलेल्या माणसानं झिंगल्याचं सोंग असं वठवलेलं पाहिलं की घरी बायकोनं तोंडाचा वास घ्यावा. पण कालव्याच्या भरावावरून तात्याबा सायकलवर आला ना, तसला प्रवेश कुठल्या बोर्डावर झाला नाही.

साल असेल सत्त्याण्णव. चैत्र नुकता लागलेला, घोड नदीच्या कालव्याला उन्हाळ्याचं पाणी सुटलेलं. मी पुलाच्या कठड्यावर तंबाखू मळत बसलो होतो. समोरून तात्याबा आला. हँडलला न्हावऱ्याहून आणलेल्या औषधाची पिशवी. नजर थेट माझ्यावर. मी हात वर केला, म्हटलं, "रामराम तात्याबा!" पठ्ठ्या बघतोय, पण बोलत नाही. पायडल फिरायचं थांबलं, सायकल आपल्याच मनानं हळूच डावीकडे वळली, आणि सायकल, पिशवी, तात्याबा, सगळी मंडळी धपकन कालव्यात!

मी असा काही ओरडलो म्हणता, पूर्वी बिनामाइकचा आवाज शेवटच्या बैलगाडीपर्यंत पोचायचा, तो अजून शाबूत असल्याची खात्रीच पटली. कांद्याला पाणी देणारा गेणबा फावडं टाकून पळत आला, त्यानं उडी घेतली, आणि आम्ही दोघांनी मिळून त्याला वर ओढला. कपाळाला खोक पडली होती. शुद्धीवर आल्यावर तात्याबा पहिलं काय बोलला असेल?

"औषध भिजलं का?"

आणि दुसरं, "आईचं दूध तापवायचं राह्यलंय."

गेणबा माझ्याकडे बघायला लागला, मी गेणबाकडे. कालव्याचं पाणी आपलं चाललंच होतं. एक हात इकडेतिकडे झाला असता तर साळूबाईला सांभाळणारा कोण होता?

आता ही माणसं तुम्हाला नीट सांगतो. मी जालिंदर. पण या नावानं मला हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. फडात मी गवळणीतली मावशी करायचो, लुगडं नेसून, कमरेवर हात ठेवून, आणि ते नाव असं चिकटलं की मिशा पांढऱ्या झाल्या तरी आख्खा तालुका मला 'मावशी आले, मावशी गेले' म्हणतो. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा भाच्यानं इनामगावच्या अलीकडे, आपल्या मळ्यात मला खोली दिली. मळ्याला लागूनच धनगरांची वस्ती. पूर्वी मेंढरं घेऊन फिरणारी घरं ही. कालव्याला पाणी आलं तशी एका जागी बसली, ऊस-कांदा करायला लागली.

त्या वस्तीतला हा तात्याबा. पन्नाशीचा, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी धनश्री केडगावला दिलेली, धाकटा भाऊ भैरू शिक्रापूरला कंपनीत, तिथंच खोली करून राहणारा. घरात तात्याबा आणि त्याची म्हातारी आई, साळूबाई.

पण माझा तात्याबा वेगळाच! माझा तात्याबा म्हणजे ढोल. तुम्ही त्याला बिरोबाच्या जत्रेत पाहायला हवं होतं. धनगरी गजी नाचणारी माणसं पांढरे अंगरखे घालून, हातात रुमाल घेऊन रिंगणात फिरतायत, भंडाऱ्यानं आभाळ पिवळं झालंय आणि मधोमध हा बहाद्दर गळ्यात ढोल अडकवून उभा. एकदा आमचा फड जत्रेच्या हजेरीला, म्हणजे सकाळच्या खेळाला उभा होता. आमचा ढोलकीवाला म्हणजे मोठा तऱ्हेवाईक कलावंत, दुसऱ्याचं वादन त्याला बेसूर वाटायचं. तात्याबाचा ढोल देवळाकडून कानावर आला आणि यानं ढोलकी खाली ठेवली. चालू गवळणीत! राधा थांबली, पेंद्या थांबला, मी कमरेवरचा हात तसाच ठेवून उभा. म्हणाला, "मावशी, आधी ते ऐकू, मग आपलं रडगाणं." असा तो ढोल.

तो ढोल साळूबाई पडल्यापासून खुंटीवर होता. म्हातारी अंगणात पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. पुण्याला नेऊन आणली, हाड जुळलं म्हणतात, पण पाय काही जमिनीला लागेना. त्या दिवशी तात्याबानं कोपऱ्यातली जुनी धनगरी काठी घेतली, आईच्या बाजेच्या उशाला टेकवली आणि तो तिथं बसला तो बसला. दूध, औषध, कूस बदलायची, घरामागं उचलून न्यायचं, सगळं एकट्यानं. अंघोळीला तेवढी गेणबाची बायको नकुशी यायची, तीसुद्धा घाईघाईनं, तात्याबाच्या तोंडाकडे न बघता. वस्तीतली बाकीची माणसं दारात भाकरी-कालवण ठेवायची आणि मागं वळायची.

मला याचा राग यायचा. एवढी जीव लावणारी माणसं, आणि बाजेपाशी बसायला एक जण येऊ नये?

आणि तात्याबा सुकत चालला होता. ढोलावर चिमणीनं घरटं बांधलं तरी त्याला पत्ता नाही. आधी कोंबड्यांवर खेकसायचा, मग दूधवाल्यावर, आणि एक दिवस मी दारात असताना म्हातारीवर खेकसला. "आगं किती येळा उठवतीस मला? मानूस हाय का कोन हाय मी?" बोलला आणि स्वतःच पांढराफटक पडला. त्या दिवसापासून साळूबाईच्या उशाचा पाण्याचा तांब्या जसाच्या तसा भरलेला दिसायला लागला. मी एकदा म्हटलं, "आजी, उन्हाळा हाय, घोटभर घ्या की." तर ती हळूच म्हणाली, "प्याले की घरामागं न्यावं लागतं, मावशी. झोपू दे लेकराला." लेकरू पन्नाशीचं! आणि लेकरू तरी कुठं झोपत होतं? ते टक्क डोळ्यांनी तिच्याकडे बघत बसायचं. म्हातारी तहानेनं वाळतेय, लेक जागरणानं, आणि दोघंही एकमेकांसाठी!

आम्ही तमाशातले लोक एक गोष्ट जाणतो. शाहीर गळा ताणून कवन म्हणत असतो तेव्हा मागं झीलकरी उभे असतात. शाहिराचा दम संपला की ते 'जी जी रं जी' ओढून धरतात. तेवढ्यात शाहीर श्वास घेतो. समोरच्याला वाटतं, काय छाती आहे! छाती कसली, मागं माणसं असतात. या तात्याबाच्या मागं झील धरायला कोणी का नव्हतं, हे मला उमगत नव्हतं.

म्हणून कालव्यातून काढल्यावर, तात्याबा घरात कोरडे कपडे घालत असताना मी गेणबाला बांधावर गाठला. जत्रा तोंडावर आलेली. पाटसचं गजीमंडळ यंदा येणार म्हणून वस्तीची पोरं आधीच तापलेली, आणि ढोल मात्र चिमणीच्या ताब्यात.

"गेणबा," मी म्हणालो, "लाज न्हाई वाटत? आज मेला आसता तो."

"वाटती की."

"मग बसा की कुणीतरी म्हातारीपाशी! येक दीस तरी त्येला झोपू द्या."

गेणबानं फावड्याला लागलेला चिखल बोटानं काढला. मग म्हणाला, "त्यानं काठी कुठं दिलीया, मावशी?"

"कसली काठी?"

"उशाची. त्यानं काठी दिल्याबिगर कसं बसायचं?"

"हात्तिच्या!" मी म्हणालो. "येवढंच ना?"

मंडळी, इथंच मी फसलो. मला वाटलं, काठी म्हणजे नुसती काठी. कोणीतरी उठून घ्यायची, बस!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पटका बांधला, मिशीला तेल लावलं आणि तात्याबाच्या दारात असा उभा राहिलो जसा राजवाड्यात शिरतोय. तात्याबा कपाळाला पट्टी बांधून बसलेला, डोळे विस्तवासारखे. मी सरळ आत गेलो, उशाची काठी उचलली, जमिनीवर ठक्कन आपटली आणि म्हणालो, "ऊठ तात्याबा! जा, झोप काढ. आजपासून राखण माझी!"

टाळी यायची जागा होती ती. टाळी आली नाही. बाहेर नकुशी भांडी घासत होती, तिच्या हातातलं पातेलं खाली पडलं. कुंपणाच्या पलीकडून गेणबा ओरडला, "आवं मावशी, न्हाई न्हाई न्हाई!"

तात्याबा उठला. "मावशी, तुमी वडीलधारे म्हनून गप हाय. काठी ठिवा."

"आरं पन..."

"माझ्यानं राखण व्हत न्हाई, आसं म्हनायचंय तुमाला? माझ्या हातातली काठी काढून घेताय? माझ्या आईम्होरं?"

मी बोर्डावर सगळी सोंगं केली, पण हातात काठी धरून काय करावं हे न सुचणाऱ्या माणसाचं सोंग तेव्हा खऱ्याखुऱ्यानं झालं. ठेवू का धरू? बाहेर वस्तीतली माणसं जमायला लागली. आणि त्या शांततेत कसला तरी आवाज आला. आधी वाटलं म्हातारीला ठसका लागला. बघतो तर साळूबाई हसत होती! बाज हलेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

"आगं बया... आगं बया..." ती म्हणाली. "तमाशावाला आमच्या वाड्यात राखण कराया आला! तात्या, बस खाली. त्यास्नी काय ठावं आपलं? ऐका वं मावशी."

मग तिनं सांगितलं. ती मेंढरामागं फिरायची तेव्हाची रीत. चार-सहा घरांचा वाडा एकत्र फिरायचा, रात्री माळावर मेंढरं बसायची आणि राखणीला पाळीपाळीनं एकेक माणूस. ज्याची पाळी, त्याच्या हातात काठी. पाळी संपली की तो स्वतः जाऊन पुढच्याच्या हातात काठी द्यायचा आणि झोपायचा, त्याला उन्हं वर आली तरी कोणी उठवायचं नाही. पण दुसऱ्याच्या हातातली काठी आपण होऊन मागायची नाही. मागितली तर त्याचा अर्थ एकच, तुझ्यानं जमत नाही, तू नालायक. त्यावरून डोकी फुटायची.

"आन् तुझा बाप," साळूबाई तात्याबाकडे वळली. "हौसराव. आपली मेंढरं व्यायला आली हुती, त्याला कुनाचा भरोसा वाटंना. काठी दीना. आज माझीच पाळी, उद्या माझीच पाळी. उभ्या उभ्या काठीला टेकून झोपला, आन् लांडग्यानं कोकरं नेली. हातात काठी, डोळं उघडं! काल तू कालव्यात गेलास तसा. बापाचंच नाक घेतलंस आन् बापाचीच खोड."

तात्याबानं कपाळावरची पट्टी चाचपली.

"तुला ही काठी कुनी दिली?" म्हातारीनं विचारलं.

"कुनी न्हाई. मीच घेतली."

"मंग तुझी पाळी कवा संपायची, हे ठरवनार कोन?"

तात्याबा माझ्या हातातल्या काठीकडे बघत म्हणाला, "मला वाटलं... कुनीतरी म्हनंल. दे म्हनून. येक जन सुदिक म्हनला न्हाई, आये."

हे ऐकलं मात्र, गेणबा कुंपणावरून उडी मारूनच आत आला. "आरं आन् आमी तुझी वाट बघत हुतो की! तू दिलीस तर घ्यायची! आपनहून 'दे काठी' म्हनालो आसतो तर तू माझं टकुरं फोडलं आसतंस, आत्ता मावशीचं फोडायला निगालतास तसं!"

"आजून फोडलं न्हाई की," मी म्हणालो.

"निगालता तर!" गेणबा म्हणाला.

"येड्या," नकुशी राखेनं भरलेले हात कमरेवर ठेवून म्हणाली, "अंघुळीला कशापायी येत हुते मी? बायकांची अंघूळ राखनीत धरत न्हाईत म्हनून! तेवढीच वाट गावली. रोज तुझ्याकडं बघायचं टाळत हुते, न्हाईतर तोंडातून निगंल म्हनून."

काय गलका झाला म्हणता! सगळे एकदम बोलायला लागले. कोणी म्हणे मी भाकरी ठेवताना मुद्दाम खाकरत होतो, कोणी म्हणे मी काठीकडे बघत उभा राहायचो, तुला कळेना का. आख्खी वस्ती त्या एका काठीची वाट बघत दाराबाहेर ताटकळली होती, आणि तो आत ताटकळला होता!

साळूबाईनं हात वर केला. सगळे गप. पूर्वी आख्ख्या वाड्याच्या पाळ्या ही बाई ठरवायची, हे मला त्या हातावरूनच कळलं.

"मावशी, काठी त्याच्याजवळ द्या आधी."

मी दिली. तात्याबानं घट्ट धरली.

"आता तू माझ्याकडं दे."

तात्याबाचा हात पुढं आला, पण बोटं काही सुटेनात. लोक श्वास रोखून बघतायत. मी पुष्कळ हाऊसफुल खेळ पाहिलेत, असली शांतता कधी अनुभवली नाही. शेवटी म्हातारी अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "तात्या, तू दमलास तवापास्नं मी पोटभर पानी प्याले न्हाई रं. देतोस का न्हाई?"

त्यानं भरलेल्या तांब्याकडे पाहिलं. आणि काठी सोडली.

मग साळूबाईनं बाजेवर पडल्या पडल्या दरबार भरवला! दिवस नकुशीचा आणि वस्तीतल्या बायकांचा. रात्री गेणबा एक, तात्याबा एक, लागोपाठ कोणी नाही. रविवार भैरूचा. "आन् भैरूला फोन लावा. म्हनावं, कंपनी सुट्टी देती ना, मंग आईबी पाळी देती." न्हावऱ्याच्या एसटीडी बूथवरून मीच फोन लावला. पलीकडून भैरू म्हणाला, "मावशी, दादा बोलावतोय? खरंच दादा बोलावतोय? मला वाटायचं, मी आलो की त्याला राग येतोय." रविवारी तो पहिल्या एसटीनं हजर, हातात शिक्रापूरहून घेतलेली केळी.

आणि एक पाळी माझ्याही गळ्यात पडली. एवढा फाजीलपणा केल्यावर सुटका नव्हतीच. साळूबाई म्हणाली, "मावशींस्नी बी द्या येक. मला करमनूक पायजे."

काठी सोडली त्याच दिवशी तात्याबा गेणबाच्या रिकाम्या कांद्याच्या चाळीत पोत्यांवर आडवा झाला. घोरणं असं, की गेणबाची शेरडं दावणीला उभी राहून चाळीकडे बघायला लागली. रीतीप्रमाणे त्याला कोणी उठवलं नाही. दुसऱ्या दिवशी उन्हं डोक्यावर आली तेव्हा तो उठला, पहिल्यांदा घराकडे धावला. नकुशीनं दारातच अडवला. "आजी जेवली, प्याली, झोपली. तू तोंड धू. आन् त्या ढोलाचं काय ते बघ."

ढोल! घरट्यातली पिल्लं उडून गेली होती, नशीब त्या चिमणीचं आणि आमचं. तात्याबानं घरटं दोन्ही हातांनी उचलून आढ्यावर ठेवलं. ढोल खाली काढला, धूळ पुसली. कातडं सैल पडलेलं. दोऱ्या आवळल्या, उन्हात धरला, पुन्हा आवळल्या. मग बोटानं एक टिचकी. धुम्म! आतून साळूबाईचा आवाज आला, "वाईच आनखी ताण. डावीकडं पडलंय."

जत्रेचा दिवस उजाडला आणि, मंडळी, माझं नशीब बघा! काठी माझ्या हातात. पाटसकर आलेले, देवळापुढं रिंगण भरलेलं, माझ्या आवडीचा ढोल वाजणार, आणि मी बाजेपाशी.

"जावा की वं बघाया," साळूबाई खट्याळपणे म्हणाली. "मी कुठं पळून जातीया?"

"आजी, काठी हाय हातात."

"शिकला म्हनायचं तमाशावाला!"

मी तिची बाज लिंबाखाली ओढली. कालव्यापलीकडून आवाज यायला लागले. ढोल वाजला की मी म्हणायचो, "हा तात्याबा!" ती डोळे मिटून मान हलवायची. "न्हाई. ह्यो पाटसकरांचा. घाई करतोय." दुसरा वाजला. "आता?" "न्हाई. थांबा वं." आणि मग एक ठोका आला. एकच. मग दुसरा. तिची बोटं बाजेच्या काठावर वाजायला लागली, ठोक्याला ठोका! सुरकुतलेला चेहरा असा उजळला की मी बोर्डावर बत्त्या पेटताना पाहतोय असं वाटलं. "ह्यो! ह्यो माझा!" 'बिरोबाच्या नावानं चांगभलं!' असा गजर उठला, ढोल चढत गेला, आणि मला राहवेना. गुडघे गेले खड्ड्यात! काठी खांद्यावर टाकली, उपरणं डोक्यावरून पदरासारखं घेतलं, आणि त्या अंगणात, एका प्रेक्षकापुढं, मावशी नाचली!

साळूबाई हसता हसता दमली. "पानी द्या," म्हणाली. आख्खा तांब्या प्याली. वर म्हणाली, "आनखी." मग थोड्या वेळानं, "नकुशीला हाका मारा." मी कालव्यापलीकडं पोचेल अशी हाक मारली, नकुशी जत्रेतून साडी सावरत पळत आली, म्हातारीला उचलून घरामागं घेऊन गेली, आणली आणि जाता जाता म्हणाली, "मावशी, पाटसकरांनी ढोल खाली ठिवला हो! उभं राहून ऐकत्यात!"

उन्हं कलली तेव्हा तात्याबा आला. नखशिखांत पिवळा, पटका सुटलेला, हाताचे तळवे सुजलेले, चेहऱ्यावर मी वर्षानुवर्षं न पाहिलेलं हसू. आईच्या पायावर डोकं ठेवलं, तिच्या पायांनाही भंडारा लागला. मग सवयीनं त्याचा हात माझ्या हातातल्या काठीकडे आला, आणि अर्ध्यावर थांबला.

"तुझी उद्या," साळूबाई म्हणाली.

"व्हय," तो म्हणाला. "पानी पायजे का, आये?"

"प्याले. तू पी."

त्यानं तांब्यात उरलेलं पाणी उभ्यानंच घटाघट पिऊन टाकलं, ढोल खुंटीला लावला आणि ओसरीवर आडवा झाला. डोळे मिटून. भंडारा घोंगडीभर सांडला. मी काठी या हातातून त्या हातात घेतली. गेणबा यायला अजून वेळ होता.